डेझीच्या पिल्लांची यादी

२ फेब्रुवारी १९७६, सोमवार. आष्टा.

डेझी कालपासून माजावर. वय चार. जात अल्सेशियन, शुद्ध. बेळगावचे मेजरसाहेब रिटायर होऊन निघाले तेव्हा एवढी लायक कुत्री त्यांनी माझ्याच स्वाधीन केली. त्या वेळी तिथं दुसरं कुणी हजर नव्हतं, हा भाग वेगळा.

सांगलीचे जनावरांचे डॉक्टर आवटी मागंच म्हणाले होते, पिल्लं घ्यायची असतील तर एकदा घ्या, नसतील तर ऑपरेशन करून पिशवी काढून टाकू. काय ते ठरवा.

आज ठरवलं. पिल्लं घ्यायची. ऑपरेशन हा शब्द या घरात निघणार नाही. तसाही सध्या तो आष्ट्यात कुठंच निघत नाही. परवा चावडीपुढं नसबंदीवाली सरकारी जीप उभी राहिली तर आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष उसात शिरले. मी शिरलो नाही. मी ऊस बघायला गेलो होतो.

हरणाबाई, म्हणजे आमच्या सौ., ऑपरेशनच्या बाजूनं. तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "आवं, पिल्लांचं निस्तरायचं मलाच हाय. तुमी नुसतं मिशीवर हात फिरवत बसणार."

बाईमाणसाला वंश ही गोष्ट कळत नाही.

५ फेब्रुवारी

फौजेत मी कुत्र्यांमधला जाणकार समजला जायचो. स्टोअरला होतो, पण कुत्र्यांच्या तुकडीचं रेशन माझ्याच सहीनं सुटायचं. कुत्रं काय खातं हे कळलं की कुत्रं कळतं.

आज यादी केली. पिल्लं आठ धरली.
१. सभापती. नर.
२. कारखान्याचे एक संचालक. नर.
३. फौजदार. नर. मागेल तर दोन.
बाकीची नंतर.

यादीच्या तळाला लाल शाईनं लिहिलं: लालासाहेबास देऊ नये.

लालासाहेब माझा चुलतभाऊ. शेजारचं घर. सामाईक विहिरीवर माझ्या पाळीच्या दिवशी हटकून त्याच्या इंजिनाला काम निघतं. सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून जीप घेतली आहे आणि माणसांत न बसता जीपमध्ये बसून माणसांशी बोलतो. उद्या याच्या दारावरून सभापतींच्या गाडीत माझ्या डेझीचं पिल्लू जाईल. त्यानं बघावं एवढीच इच्छा.

८ फेब्रुवारी, रविवार

नर मिळाला. कोयनानगरला धरणावर रसाळ नावाचे इंजिनियर आहेत, त्यांचा प्रिन्स. कागदपत्रं असलेला कुत्रा. आमच्या भाऊबंदांत निम्म्यांना स्वतःची जन्मतारीख माहीत नाही.

हरणा म्हणाली, लालाभावजींना जीप मागा, मुकं जनावर एवढ्या लांब कसं नेणार. मी आज दिवसभर तिच्याशी बोललो नाही. रात्री जेवताना तिच्या ते लक्षात आणून द्यावं लागलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. कोयनानगर.

एसटीच्या कंडक्टरनं डेझीला गाडीत घेतलं नाही. मी फौजी आहे हे सांगितलं. म्हणाला, "तुमी या की. कुत्रं न्हाई." नंबर टिपून ठेवला आहे. इस्लामपूरपर्यंत बैलगाडी, तिथून भुशाचा ट्रक, कराडपासून सिमेंटचा. पाटणच्या पुढं घाटात डेझी चार वेळा ओकली. मी दोन वेळा.

दुपारी तीनला बंगल्यामागं दोघांना सोडलं. प्रिन्स दिसायला रुबाबदार, पण चालीत कमी. तेवढ्यात जमीन हादरली. इथं नेहमी हादरते म्हणे. स्वयंपाकघरातली भांडी वाजली आणि प्रिन्स जो पळाला तो रसाळसाहेबांच्या पलंगाखाली. डेझी जागची हलली नाही. वळण कुणाचं.

नंतर प्रिन्सला ओढून काढून पुन्हा दोघांना मागं सोडलं, पंधरा मिनिटं. मी पाठ करून उभा राहिलो. सभ्य माणूस अशा वेळी बघत नाही. काम झालं.

रसाळबाई खिडकीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, काही झालेलं नाही. तो नुसता थरथरत उभा होता." परक्या घरी बाईमाणसाशी वाद घालू नये.

१३ फेब्रुवारी

घरी पोचलो. त्रेसष्ट दिवस धरले तर १५ एप्रिल. तारीख भिंतीवर कोळशानं लिहिली. हरणानं पुसली. पुन्हा लिहिली.

२५ फेब्रुवारी

सभापती बाजारात भेटले. नर पिल्लू त्यांच्या नावानं ठेवल्याचं सांगितलं. "बरं बरं," म्हणाले. भारावले असावेत. गर्दीमुळं फार बोलता आलं नाही.

फौजदारांनी विचारलं, कसलं पिल्लू? नम्र माणूस.

८ मार्च, सोमवार

डेझी पाणी फार पिते. घमेलं संपतं, पुन्हा भरावं लागतं. गाभण कुत्रीला तहान लागतेच. पोटही किंचित गोल. हरणाला दाखवलं. तिनं बराच वेळ पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला न्हाई पिल्लं लागत हाताला." हिच्या हाताला भाकरीशिवाय काय लागणार.

खुराक वाढवावा असं ठरलं. अळिवाची खीर सुरू करणे. हरणा म्हणाली, माझ्या दोन्ही बाळंतपणांना अळीव कुणी आणलं नव्हतं. मी तेव्हा सरहद्दीवर होतो. पहिल्या खेपेला नव्हतो, पण तो आत्ता विषय नाही.

१९ मार्च

खीर डेझीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. डोहाळे.

लालासाहेबाची बायको सुलाबाई मागल्या दारानं येऊन डेझीजवळ बसून गेली, हे पायरीवरच्या तंबाखूच्या मिश्रीवरून ओळखलं. हरणाला बजावलं की त्या घराशी आपला संबंध नाही. म्हणाली, "तुमचा न्हाई. आमचा हाय."

२४ मार्च, बुधवार

डेझी दिवसभर झोपून. दोनदा पिवळं ओकली. मागच्या बाजूनं काहीतरी ओघळतं, त्याला वास येतो, असं हरणाचं म्हणणं. मी दुरून पाहिलं. नैसर्गिक आहे.

हरणा म्हणाली, आवटी डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, आवटीला दाखवलं की तो सुरी काढणार. त्याच्या हातात तेवढंच शिक्षण आहे. ती म्हणाली, "तुमाला पिल्लं पायजेत का डेझी पायजे?"

प्रश्न चुकीचा आहे. दोन्ही पाहिजेत.

उद्या-परवा सांगलीला जाऊन चामडी पट्टे आणतो. छोटे, आठ.

२६ मार्च, शुक्रवार

दुपारी, सांगलीहून परत आल्यावर.

सकाळी डेझी उठली नाही. हाक मारली, कान हलले. हरणा म्हणाली, आज जाऊ नका. पण पट्ट्यांचं ठरलं होतं आणि ठरलेलं मी मोडत नाही. सांगलीत पट्टे घेतले, एसटीनं परत निघालो. वाटेत समोरून लालासाहेबाची जीप सुसाट गेली, हॉर्न वाजवत, एसटीला रस्त्याच्या खाली उतरवून. मी खिडकीतून डोकं काढून शिव्या दिल्या. शेजारच्यानंही दोन दिल्या.

घरी आलो तर कुलूप.

शेजारच्या कोंडीबानं सांगितलं, डेझी गार पडायला लागली म्हणून वैनींनी लालासाहेबांना हाक मारली. त्यानं जेवणावरून उठून जीप काढली. वैनी मागं डेझीला मांडीवर घेऊन बसल्या. सांगलीला गेले.

म्हणजे जीपमध्ये डेझी होती.

पट्टे कोनाड्यात ठेवले. पुढची एसटी चारला.

२६ मार्च, संध्याकाळ. सांगली.

पोचलो तेव्हा ऑपरेशन झालं होतं. लालासाहेब बाहेर जीपच्या पायरीवर बसला होता. हाताला, सदऱ्याला रक्त. डेझीला धरायला माणूस कमी पडला म्हणून हा आत गेला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, "दादासो, जगली." दुसरं काही नाही. मी मान हलवली. त्यापुढं काय करायचं असतं ते मला आठवलं नाही.

डॉक्टर आवटींना विचारलं, पिल्लं किती?

त्यांनी मला आत नेलं. पांढऱ्या ट्रेमध्ये ओल्या कापडाच्या पिशवीसारखं काहीतरी फुगलेलं होतं. म्हणाले, "एकही नाही, हवालदार. गाभण नव्हतीच ती. पिशवीत पू झाला होता, दोन शेर तरी असेल. उद्यापर्यंत तुम्ही थांबला असतात तर कुत्री गेली असती. मी तुम्हाला मागंच म्हटलं होतं, पिल्लं नको असतील तर वेळेवर काढून टाकू."

मी म्हणालो, पिल्लं हवी होती.

ते म्हणाले, "हवी असणं वेगळं." आणि हात धुवायला गेले. आगाऊ माणूस. पण हात स्वच्छ धुतो.

डेझी टेबलावर, जीभ बाहेर, पोटाला पट्टी. हरणा तिच्या डोक्याशी उभी. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे सुलाबाई म्हणाली. सुलाबाईही आली होती. म्हणजे सगळे होते.

२८ मार्च, रविवार

डेझीला घरी आणलं. लालासाहेबाच्या जीपमधून. मी पुढं बसलो. दारात उतरताना लालासाहेबाला म्हणालो, विहिरीची माझी पाळी मंगळवारची आहे, हे लक्षात असू दे. "हाय की," म्हणाला.

आभाराचा मुद्दा हरणानं काढला. मी म्हणालो, भावकीत आभार मानत नाहीत. ती म्हणाली, "भावकी आठवली म्हणायची."

२ एप्रिल

गावाला काय सांगायचं हे ठरवून टाकलं. सर्व बाजूंचा विचार करून ऑपरेशनचा निर्णय मी घेतला. देशाची आजची परिस्थितीही तीच मागणी करते. फौजदारांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम. कुणाचं ऑपरेशन?"

सभापतींना भेटलो. पिल्लू देता येत नाही म्हणालो. त्यांना पिल्लू आठवेना. मग माझं नाव विचारलं.

लालासाहेबानं मात्र गावात कुणालाच काही सांगितलेलं नाही. कोंडीबाकडून, हरणाकडून, दोन्हीकडून खात्री केली. चावडीवर कुणी विचारलं तर म्हणाला म्हणे, "कुत्रं आजारी होतं, बरं झालं." बस. माझं हसं करायची एवढी संधी असून गप्प बसला. यात त्याचा नक्की काहीतरी कावा आहे. चार दिवस विचार करतो आहे, सापडत नाही.

७ एप्रिल

डेझी पेज पिते. हरणाच्या हातून. मी वाटी धरली तर वास घेते आणि वाट बघते. औषधांमुळं नाकावर परिणाम झालेला दिसतो.

दुपारी कुणी नव्हतं तेव्हा तिच्याजवळ बसलो. पोटाचे टाके पाहिले. लांब आहेत, माझ्या वितीएवढे. ट्रकमधून नेलं तेव्हा ही चार वेळा ओकली होती आणि तरी माझ्या बुटावर हनुवटी ठेवून बसली होती. हे इथं लिहायचं कारण नाही.

९ एप्रिल, शुक्रवार. सांगली.

टाके काढले. डॉक्टरांनी कार्ड दिलं. कुत्रीचं नाव: डेझी. जात: अल्सेशियन. खाली, मालक: सौ. हरणाबाई दादासो थोरात. पुढं हरणाची सही. पहिल्या दोन अक्षरांवर शाई सांडली आहे, कारण त्या वेळी घाई होती.

चूक आहे म्हणून लगेच निदर्शनास आणलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला मालकाची परवानगी लागते, आणि टेबलापुढं ज्या होत्या त्यांची घेतली. मी म्हणालो, मी पट्टे आणायला गेलो होतो. म्हणाले, "बरोबर आहे. ते मी कुठं लिहू?"

१२ एप्रिल, सोमवार

कार्डाच्या दुरुस्तीसाठी अर्ज लिहायला बसलो. फौजेत अर्ज माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

'महोदय, सदर कुत्री माझी असून,' इथपर्यंत झालं. पुढं पुरावा जोडावा लागतो. मेजरसाहेबांनी तेव्हा कागद दिला नाही. अळिवाच्या खिरीचा दाखला चालणार नाही, ती कुत्रीनं खाल्ली नाही. साक्षीदार म्हणून गावात एकच माणूस धड बोलेल आणि तो लालासाहेब. अर्ज तसाच ठेवला.

चहा आला नाही म्हणून आत गेलो. हरणा चुलीपुढं, डेझी तिच्या पायाशी. मी हाक मारली. डेझीनं डोकं उचललं, माझ्याकडं बघितलं, मग हरणाकडं.

हरणा भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जा, बोलवत्यात."

मग आली.