राजकन्या बेडूक नव्हती

१ जुलै, सकाळी ७.४०
'बारा घंटांची दंतकथा' या गेमची नवी आवृत्ती काल आली. तळ्याच्या प्रसंगापर्यंत पोचलो. नाश्ता केला नाही. (केला. पण नुसता भात आणि मिसो सूप.) सूड घेणार.

१ जुलै, दुपारी, ऑफिसात
डोकं थोडं थंड झालं. मुद्दे लिहून ठेवतो, पुढे खटल्याला उपयोगी पडतील.
जुन्या गेममध्ये राजकन्या हिसुई तळ्यात बुडताना एवढंच म्हणते, 'वाताशी वा काएरू.' मी परत येईन. गेमच्या इतिहासात याहून चांगलं वाक्य कुणी लिहिलेलं नाही. अकराव्या वर्षी वाचलं आणि आठवडाभर जेवण गेलं नाही. तेव्हा कॅसेटमध्ये चित्राक्षरांना जागा नसायची, सगळं साध्या उच्चारी अक्षरांत. आता जागाच जागा. म्हणून या शहाण्यांनी 'काएरू'ला चित्राक्षर दिलं. कोणतं? 'परत येणे'चं नाही. बेडकाचं.
'मी बेडूक आहे.'
उच्चार एकच आहे, मान्य. पण बाई बुडतेय! बुडताना कोण असली ओळख करून देतं?
हे एक वेळ सोडून दिलं असतं. पण तेच वाक्य बाबांच्या समाधीच्या दगडावर आहे. सहा वर्षांपूर्वी मीच कोरून घेतलं, गेममधल्यासारखं, उच्चारी अक्षरांत. ओबोनला पितर घरी परत येतात, म्हणून. आईला नुसतं आडनाव हवं होतं. मी ऐकलं नाही.
१३ ऑगस्टला ओबोन. सगळे नातेवाईक समाधीवर जमणार. निम्मे हा गेम खेळतात. तोपर्यंत कंपनीने वाक्य बदललं नाही, तर माझे बाबा चारचौघांत बेडूक होणार.

३ जुलै
रिव्ह्यू टाकला. अकरा हजार अक्षरं. एक स्टार. शून्य देताच येत नाही, ही कंपनीचीच चाल.
मुद्देसूद लिहिलंय. हल्ली गेममधली पात्रं तोंड उघडतात आणि मिटायचं विसरतात. गावातली म्हातारी सुनेची गाऱ्हाणी सांगत बसते, तोवर ड्रॅगन बाहेर ताटकळत उभा. नायकाची स्मृती गेलेली. पुन्हा! जुने लेखक दोन ओळींत रडवायचे. थोडक्यात सांगण्याची कलाच गेली, हे मी नऊ भागांत विस्ताराने पटवून दिलंय.
माझं मत म्हणजे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं मत नव्हे. मी एकवीस वर्षं सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं तपासतो. शब्द हा माझा धंदा आहे.

४ जुलै
'थंड भात' नावाच्या कुणीतरी खाली लिहिलंय, 'तुमचा रिव्ह्यू वाचायला गेमपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी हाती बेडूकच.' त्याला नऊशे बारा लाइक. माझ्या रिव्ह्यूला तीन. त्यातला एक माझा.
थंड भात: शत्रू क्रमांक दोन. क्रमांक एक अर्थातच लेखिका, कुझे मित्सुयो. जुना गेमही तिचाच, म्हणजे ही घरभेदी.

७ जुलै
आजपासून या गेमवर कायमचा बहिष्कार.

१० जुलै
पुरावे गोळा करायचे तर खेळावंच लागतं. बासष्ट तास झाले. घंटाघरातल्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आलं. पंख्याची धूळ. लेखन टाकाऊच आहे.

१२ जुलै
थंड भाताने आज कहर केला. म्हणे राजकन्या तळ्यात बुडाली की बेडूकच होते. तळ्याआधीच्या गावात विहिरीवरची बाई 'चिखलवेल' देते. ती तळ्यात टाकली की राजकन्या पुन्हा माणूस होते आणि वेगळा शेवट बघायला मिळतो. जुन्या गेममध्येही हे होतं. 'हे सगळ्यांना माहीत आहे,' असंही वर.
मी ती वेल विकून लोखंडी ढाल घ्यायचो. प्रत्येक वेळी. तेहतीस वर्षं.
ढाल चांगली आहे.

१८ जुलै
नवी युक्ती. गेम बदलत नसेल तर दगड बदलू. 'काएरू'च्या डोक्यावर 'परत येणे'चं बारीक चित्राक्षर कोरून घेतलं की संशयाला जागाच नको. पाथरवट उबुकाताकडे गेलो. दगड त्यानेच घडवलेला. म्हणाला, 'हो, कोरू की. बेडकाचंच ना?'
म्हणजे विष थेट त्याच्या दुकानापर्यंत पोचलंय. तसाच बाहेर पडलो. छत्री तिथेच राहिली.

२० जुलै
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पत्रकावर 'ताजे बांगडे'ऐवजी 'ताजे बेडूक' छापून गेलं. तपासणीची सही माझी. म्हणाले, 'ओगिहारा, तब्येत बरी आहे ना?' हे नुकसानही कुझेबाईंच्या नावावर मांडणार.

२७ जुलै, संध्याकाळी, ओसाकाहून परतीच्या बसमध्ये
आज समोरासमोर झालं. पुस्तकांच्या दुकानात बाई सह्या देत होत्या. माझ्या पिशवीत एक्केचाळीस पानांचं आरोपपत्र. दोन तास रांगेत उभा राहिलो. ठरवलं होतं, नजरेला नजर भिडवून म्हणायचं, 'तुम्ही माझ्या बालपणाचा खून केलात.'
म्हणालो, 'लहानपणापासून तुमचं सगळं वाचतोय, मॅडम.'
ही खेळी होती.
मग मुद्द्यावर आलो. बेडूक की परत येणं? बाई एकाहत्तर वर्षांच्या, चष्मा कपाळावर. हसल्या. म्हणाल्या, 'अहो, बेडूकच. पाण्यातून एक बेडूक उडी मारताना दाखवायचा होता, पण कॅसेटमध्ये जागाच उरली नाही. तुम्ही काय समजत होतात?' सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, 'तुमचं माझ्यापेक्षा बरं आहे हो. मला सुचायला हवं होतं.' सही दिली, खाली छोटासा बेडूकही काढला. मी दोनदा वाकून आभार मानले.
आरोपपत्र पिशवीतच आहे. शत्रूला पूर्ण गाफील ठेवलंय.

२८ जुलै
निष्कर्ष टाकला: लेखिकेला स्वतःचं लेखन कळत नाही. थंड भाताचं उत्तर चार मिनिटांत: 'आणि तुम्हाला वेल कळत नाही.' दोन हजार लाइक.

५ ऑगस्ट
कंपनीचं पत्र. 'आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' सोबत स्टिकर. कशाचा, ते लिहीत नाही.

१२ ऑगस्ट
शेवटचा उपाय. उंच दांड्याची शेवंती, चार जुड्या. फुलदाण्यांत ठासून भरली की दगडावरची ओळ झाकली जाईल. नातेवाईक येतील, पाणी घालतील, उदबत्ती लावतील, जातील. सूड नंतर, सावकाश.

१३ ऑगस्ट, दुपारी ४
सगळं लिहून टाकतो.
सकाळी समाधीवर बाराजण. फुलं छान दाट बसली होती. गेन्झोकाका, बाबांचे धाकटे भाऊ, काठी टेकत पुढे आले आणि ओरडले, 'अरे, ही झुडपं कुणी लावली? काढ आधी! आमचा बेडूक दिसेना झाला.'
सगळे हसले. मला वाटलं, गेम खेळून आले, चेष्टा करतायत. रागाने म्हणालो, 'ते बेडूक नाहीये, काका.' काका म्हणाले, 'नाही कसं? बसडेपोत चाळीस वर्षं तुझ्या बापाला बेडूकच म्हणायचे सगळे. तोंड आठव ना त्याचं! तू हा दगड बसवलास त्या दिवशी मी रडता रडता हसलो. म्हटलं, चला, घरात एक तरी लिहिणारा निघाला. डेपोतली माणसं अजून येतात हे वाचायला.'
काकांनी स्वतःच फुलं उपसली. सगळ्यांनी ओळ मोठ्याने वाचली, काकू तर दोनदा. मी एकटाच वेगळं वाचत होतो. सहा वर्षं.
दगड धुताना आई हळूच म्हणाली, 'मी आधी नको म्हणाले होते रे. तू कोणतं वाक्य घालणार ते कळलं आणि गप्प बसले. म्हटलं, पोराला बापाचं डेपोतलं नाव ठाऊक आहे. घरी तर ते कधी सांगायचे नाहीत. म्हणजे माझ्या माघारी बापलेक बोलत होते तर. एवढं बरं वाटलं मला.'
मी म्हटलं, 'हो, बोलायचो ना.'
आईने माझ्या पाठीवर ओला हात फिरवला आणि पुन्हा दगड धुवायला लागली.
घरी येऊन रिव्ह्यू काढून टाकला. मग आठवत बसलो. बाबा कामावरून आले की दारात बूट काढता काढता विचारायचे, 'काय रे, कुठवर आलास?' मी टीव्हीवरून नजर न काढता म्हणायचो, 'थांबा जरा.'
ते थोडा वेळ उभे राहायचे. मग आत जायचे.