समोरचा ठोका

सोमवार, ४ फेब्रुवारी

कसे आहात सगळे? माझ्या गुडघ्या, तू कसा आहेस बाबा? धक्क्यावर ताटकळलास, आता ठणकणारच. डुकरीण ठीक, सकाळपासून नुसती ओरडतेय. आमचे हे, फोलाउ, तोंडानं "बरा आहे" म्हणतात, पण ताटातलं रताळं तसंच. आणि लोसेली? विचारायला ती आहे कुठे! बोटीनं राजधानीला, तिथून विमानानं ऑकलंडला. नर्सिंग शिकायला. एकुलती एक लेक.

निघताना म्हणाली, "आई, कापड अर्धं राहिलंय. थांबू नकोस हं."

नाही थांबणार!

मंगळवार

थांबले.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

आज कापड कुटायच्या ओंडक्याशी बसले. झाडाची ओली साल पसरली, मोगरी उचलली. ठक — आणि हात वरच्या वर राहिला.

समोर लोसेली बसायची. माझा एक ठोका, तिचा एक. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून. आता माझा पडतो, मग रिकामी जागा, मग परत माझा. ती जागा भरायला गेले तर साल फाटली! हात ऐकतच नाही. तिची जागा सोडतोच.

कुंपणापलीकडून शेजारीण वाइओला ओरडली, "काय गं, लंगडं कापड करतेस का?" मग समोरची रिकामी जागा दिसली तशी स्वतःच जीभ चावली.

शनिवार, ९ फेब्रुवारी

लवकर जाग आली. फोलाउ केव्हाच बाहेर पडलेत, मळ्यात असतील. बसते ओंडक्याशी. निदान आवाज तरी होईल घरात.

रविवार, १० फेब्रुवारी

वरचा शनिवार खोटा! तो आजच होता. देवा रे!

रविवारी आपल्याकडे सुईत दोरा ओवत नाहीत, आणि मी मोगरी घेऊन ठकाठक! फोलाउ मळ्यात कुठले, पहाटेच्या प्रार्थनेला गेलेले. देवळाचाच लाकडी ढोल वाजतोय समजून म्हातारे फुआबाबा देवळात जायची चटई कमरेला गुंडाळून निघालेसुद्धा. वाइओला धावत आली, "अगं बये, रविवार आहे!"

पाद्रीबाबा आले. माझी मान खाली. म्हणाले, "मावशी, देवानं ऐकलं हो. आता बाकीचं उद्या."

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

बातमी आम्ही सांगण्याआधीच ऑकलंडला पोचलेली. लोसेलीचा फोन. रडत होती. "रविवारी? आई, तू? तुला दिवसांचंही भान नाही? मी येते परत. शिकणं गेलं खड्ड्यात. शनिवारी निघते."

"ये" अगदी जिभेवर होतं. "नको" म्हणायचं होतं. फोन फोलाउंच्या हातात दिला. तेही नुसतं "हं, हं".

बुधवार, १३ फेब्रुवारी

हे कसं लिहू!

मी ओंडक्याशी बसले होते. फोलाउ आले, लोसेलीची मोगरी घेतली आणि समोर मांडी घातली.

"अहो, हे बायकांचं काम! गाव हसेल."

"गाव रविवारीच हसून दमलंय. चल."

ठक. — ठक!

पडला. बरोबर त्या जागेत. लोसेलीचा ठोका केसभर उशिरा पडायचा, त्यावरून किती बोलणी खाल्ली तिनं माझी! यांचाही तस्साच. केसभर उशिरा. जन्मात कधी मोगरी धरली नाही या माणसानं!

"कुठं शिकलात?"

"त्या फणसाखाली. दोऱ्या वळत बसायचो ना. ऐकत होतो."

इतकी वर्षं वाटायचं, यांचं घरात लक्षच नसतं. मी बघतच राहिले. एका घरात राहून हा माणूस मला आज दिसला.

रस्त्यावरून पोरं ओरडली, "फोलाउकाकू, चहा झाला का?" यांचा एक ठोका चुकला नाही. साल मात्र पाण्यासारखी पसरत गेली.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

लोसेलीचा फोन आला. "ऐक," म्हटलं. फोन ओंडक्याशेजारी ठेवला आणि दोघं बसलो.

दहाबारा ठोके पडले. मग, "आई, माझ्या जागी कोण आहे?"

"तुझा बाप."

एकदम हसली. मग नाक ओढलं. मग आमच्या ठोक्यांत तिसरा, बारीकसा — टक. टेबलावर बोट वाजवत असणार. केसभर उशिरा.

"आई, मी येत नाही."

बरं, बाळा. तिकडची हवा कशी, जेवतेस काय, सगळं लिही. लवकर लिही.