कडा, दीपगृह, माळ, परत घर

३ ऑक्टोबर, मंगळवार

आजही तेच. आधी कडा, मग दीपगृह, मग माळ आणि तिथले उभे दगड, परत घर. घाण्याच्या बैलाला निदान झापड तरी लावतात, मला सगळं दिसतं! गाडीत सहलीचे अकरा पाहुणे. शेजारच्या सीटवर आबा – बायकोचे वडील, गाडीचे मालक. वळण आलं की पाय दाबतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबतात.

कड्यावर त्यांनी पुन्हा त्या नवरीची गोष्ट सांगितली, नवऱ्याच्या होडीची वाट बघत तिथंच म्हातारी झालेली. एक बाई रडली. ही नवरी आबांनी स्वतः बनवलेली आहे. मागच्या वर्षी तिला दोन मुलं होती, यंदा एकही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, मुलं असली की लोक कमी रडतात."

हसू आलं. तीच तर अडचण आहे. माणूस वाईट असता तर केव्हाच चालता झालो असतो.

५ ऑक्टोबर, गुरुवार

दोस्ताचा फोन. पूर्वी आम्ही दोघं एकाच ट्रकवर होतो, आता तो शहरातल्या बस डेपोत मोठा साहेब झालाय. म्हणाला, "जागा आहे. लांब पल्ल्याची गाडी, राहायला खोली. महिनाअखेरपर्यंत सांग, पुढे माझ्या हातात नाही."

लांब पल्ला! म्हणजे सकाळी जिथून निघालो तिथंच संध्याकाळी परत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, म्हणजे घरजावई होऊनही नऊ. रोज संध्याकाळी तेच फाटक.

हिला सांगितलं नाही. ही पुढच्या खोलीत फोनवर बसते, बुकिंग घेते. सूर्यास्त कड्यावरून बघा, माळावर फुलं सकाळी बघा, समुद्र शांत असेल तरच खाली उतरा – दिवसभर हेच, तेही गोड आवाजात. सासूबाई गेल्यापासून आबांचं हिच्यावाचून पान हलत नाही. ही कुठली येते माझ्याबरोबर.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

एक पाहुणे म्हणाले, "तुम्ही नशीबवान. आम्ही वर्षातून एकदा येतो, तुम्ही रोज हे बघता." मी हो म्हणालो आणि कड्याकडे पाठ करून चहा प्यायलो.

इथं मला नावच नाही. पेट्रोलपंपावर, दुकानात, सगळीकडे 'आबांचे जावई'. न्हावी परवा कात्री हातात घेऊन विचारतो, "आबा काय म्हणाले, बारीक करू?" मी म्हटलं, डोकं माझं आहे. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

माळावर धुकं. समुद्राकडून येतं आणि बघता बघता गाडीचं नाकसुद्धा दिसेनासं होतं. रस्त्याला कठडा नाही, दोन्ही बाजूंना दलदल. अशा वेळी आबांची रीत ठरलेली आहे. खाली उतरायचं, पांढरा टॉवेल पाठीवर टाकायचा आणि गाडीपुढे रस्त्याच्या मधोमध चालत राहायचं. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. इतकी वर्षं मी त्या टॉवेलच्या मागे मागे चालवतोय.

आज टॉवेल डावीकडे सरकला. तिथं वळण नाही हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. तरी मी स्टिअरिंग फिरवलं. का? तर आबा तिकडे चाललेत म्हणून! पुढचं चाक रुतलं. आबा घोट्यापर्यंत चिखलात. पाहुणे उतरले, सगळ्यांनी ढकललं. आबा सगळ्यांत जोरात हसत होते, "हेपण तिकिटातच आहे बरं का."

सगळे गाडीत बसल्यावर मी त्यांचे बूट पुसत होतो. हळूच म्हणाले, "मला रस्त्याचा काठ दिसत नाही रे आता."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. पोरीला बोलू नकोस."

म्हणजे अख्खा सीझन 'ते बघा दीपगृह, काय पांढरंशुभ्र' म्हणून बोट दाखवत होते ते सगळं आठवणीनं! खरं लिहायचं तर आधी राग आला. म्हाताऱ्याला नेमका याच महिन्यात मुहूर्त मिळाला. मग लाज वाटली. मग पुन्हा राग आला.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

हिला सांगून टाकलं. काल दोघं मिळून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. एका डोळ्याचं काही होण्यासारखं नाही. दुसरा थेंबांवर जमेल तितका टिकवायचा. आबा डॉक्टरीणबाईंनाही नवरीची गोष्ट सांगून आले.

ही रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आता आबांजवळ कायम कुणीतरी लागणार." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. ती अजून काही ऐकायला थांबल्यासारखी वाटली, पण मी आंघोळीला निघून गेलो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

बाहेरून आलो तर अंगणात पेंटर. गाडीवरचं आबांचं नाव पुसलेलं, त्या जागी माझं. ठसठशीत. आबा बाजूला खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "कागदपत्रंही तुझ्या नावावर करायला दिलीत. अक्षरं मुद्दाम मोठी काढायला सांगितली, म्हणजे मलाही दिसतील."

मी पाया पडलो. दुसरं काय करणार! कालपर्यंत नाव नाही म्हणून रडत होतो, आता ते हातभर लिहून ठेवलंय. ओरडायचीही सोय राहिली नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, माझ्याकडे तर आता पळायलाही काही उरलं नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवण गेलं नाही.

३० ऑक्टोबर, सोमवार

दोस्ताला नाही म्हणून कळवलं. तो काहीतरी सांगायला लागला होता. मी ऐकून घेतलं नाही, फोन ठेवला.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. नोकरी, खोली, लांबची गाडी. आणि मी नाही म्हणालो ते तुझ्यासाठी, आबांसाठी, हेही सांगितलं. मनात होतं, निदान एकदा जवळ येईल, बरं केलंस म्हणेल.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "मला माहीत आहे. घरचा फोन आधी मीच उचलते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून थांबले होते."

"तू आली नसतीस."

"हे तुला कोणी सांगितलं?"

नळ बंद केला आणि आत गेली. उरलेली भांडी मी घासली.

१ नोव्हेंबर, बुधवार

ही सकाळच्या बसनं शहरात गेली. डेपोच्या तिकीट खिडकीवर एक जागा होती, दोस्तानं तिलाही विचारलं होतं. तिनं पहिल्याच दिवशी हो म्हणून ठेवलं होतं, आम्हा दोघांच्या वतीनं. माझं मी रद्द केलं, तिनं तिचं केलं नाही.

बस यायच्या आधी मी म्हटलं, मीही कंटाळलोय गं. म्हणाली, "तू नऊ वर्षांत कंटाळलास. मी जन्मापासून इथं आहे."

आबांना तिनं कालच सांगितलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "जा बाळ, खुशाल जा. जावई आहेत ना."