चौसष्टातले एकोणसाठ

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, निदान हे पत्र सुरू करताना तरी. तुझ्या डोळ्याचं कसं आहे? थेंब दिवसातून तीनदा घालायचे की चारदा, हे डॉक्टरांकडून लिहून घे, तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नकोस. भाऊजींचा खोकला कमी झाल्याचं तू लिहिलं आहेस, पण ते वाक्य भाऊजींनीच शेजारी बसून तुला लिहायला लावलं असावं असा मला दाट संशय आहे. (त्या ओळीत तुझं पेन जास्त दाबलं गेलंय. एकोणचाळीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत.) त्यांना म्हणावं, खोकला लपवून कमी होत नाही.

तुझा संगणक बंद पडून आतली डिस्क कायमची गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तीन वर्षं बसून तू आठवणींची बावीस प्रकरणं टाइप केलीस, आणि ती त्या डिस्कवर होती. पुढे तू लिहिलंस, ‘बरं झालं, निळ्या पेन ड्राइव्हवर तुझ्याकडे एक प्रत आहे. आता तीच एक.’ हे वाक्य मी आतापर्यंत नऊ वेळा वाचलं. त्या प्रतीविषयी मी लिहिणारच आहे. पण सगळं क्रमाने मांडलं पाहिजे, नाहीतर तू भलताच निष्कर्ष काढून मोकळी होशील. आपल्या घराण्यात ती खोड आहे, आणि ती फक्त मलाच आहे असं म्हणणाऱ्यांत तू पहिली.

तर तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ठरवलं की एका प्रतीवर राहण्यात अर्थ नाही, दुसरी काढून ठेवली पाहिजे. (हा हेतू कृपया ध्यानात ठेव. पुढे कामाला येईल.) लगेच कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात. चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं मोजकं, आणि गिऱ्हाईक आलं तरी हातातला स्क्रू पूर्ण पिळून झाल्याशिवाय वर बघायचं नाही. चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह मागितला. पाकीट हातभर, आत वस्तू बोटाच्या पेराएवढी! तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आयुष्यभर मी हेच पाहत आलो, की जिथे वेष्टण मोठं तिथे आत काहीतरी लहान असतं. पण पाकिटावर ठळक अक्षरांत चौसष्ट छापलेलं होतं, म्हणून घेऊन आलो.

घरी आमच्या टेबलावरच्या संगणकात आधी तुझा निळा खोचला, मग नवा. संगणक निळ्याला ई म्हणाला आणि नव्याला एफ. गोंधळ नको म्हणून मी लगेच दोन चिठ्ठ्या कापल्या, एकीवर ‘ई – ताई’ आणि दुसरीवर ‘एफ – नवा’ असं लिहिलं, खोचायच्या भोकांच्या वर डिंकाने चिकटवल्या आणि प्रत्येकीवर सही व तारीख घातली. मग नव्याची क्षमता पाहिली. ताई, एकोणसाठ पूर्णांक सहा! चौसष्ट सांगून एकोणसाठ. शंभराला जवळजवळ सात कमी. अगं, एवढी तूट तर बाजारात काटा मारण्यासाठी गाजलेला कोळसेवालासुद्धा मारत नव्हता.

तडक दुकानात परत. बाईंनी स्क्रू पिळून झाल्यावर शांतपणे सांगितलं की कंपनी हजाराला हजार धरते आणि संगणक एक हजार चोवीसला हजार धरतो, त्यामुळे आकडा कमी दिसतो, वस्तू कमी नसते. मी विचारलं, म्हणजे एकाच मालाला दोन मापं? त्या हो म्हणाल्या. आणि हसल्या! दोन मापं बाळगण्याचा मामला हसत कबूल करणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी कडक सुरात बदलून मागितलं, त्यांनी तक्रार न करता दुसरा काढून दिला. (इतक्या सहज देतात म्हणजे सगळेच तसे असणार.) निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “काका, दोन्ही मापं खरी असू शकतात हो.” मी पावती मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या चिठ्ठीखाली आधी नवा बदललेला खोचला, मग तुझा निळा. नव्यातही एकोणसाठ पूर्णांक सहा. (अक्षर पाहिलं नाही, ते चिठ्ठीवर होतंच.) म्हणजे ही तूट हाताची नव्हे, कारखान्यातूनच ठरवून आलेली. आता रीतसर तपासणीच करायची असं ठरवलं. द्रवमाप तपासायचं तर ते काठोकाठ भरून बघावं लागतं, आणि भरण्याआधी ते पूर्ण रिकामं आणि कोरडं असावं लागतं, हा आमचा पहिला नियम. त्या नव्यात तर कंपनीने आपल्या दोन-तीन फाइली आधीच घालून ठेवल्या होत्या. (कोरं म्हणून विकायचं आणि आत आपलं सामान ठेवायचं!) तेव्हा आधी फॉरमॅट करून रिकामा करणं आलं. मी चिठ्ठी वाचली, ‘एफ – नवा’, आणि एफवर जाऊन फॉरमॅट मागितलं.

एक चौकट आली. तिच्यात सगळ्यात वर क्षमता लिहिलेली असते. ती मी वाचली आणि खुर्चीतून उठलोच. चौदा पूर्णांक नऊ! मघाचे एकोणसाठ आता चौदा! तुझी भावजय स्वयंपाकघरात होती, तिला हात पुसू न देता तशीच बोलावली, आकडा दाखवला आणि पंचनाम्यावर पंच म्हणून सही घेतली. तिने विचारलं, “अहो, हा चौदावाला दुसराच कुठला नाही ना?” मी तिला चिठ्ठी दाखवली. माझी सही, माझी तारीख. ती गप्प बसली. (तिचं ते गप्प बसणं मला तेव्हा संमती वाटलं. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर मला एवढं कळायला हवं होतं.)

चौकटीत खाली क्विक फॉरमॅट असं लिहून पुढे बरोबरची खूण आधीच केलेली होती. सुनेने पूर्वी एकदा सांगितलं होतं की क्विक म्हणजे झटपट, आणि ती खूण तशीच राहू द्यायची. पण मला न विचारता माझ्या वतीने आधीच खूण? आणि झटपट? झटपट तपासणी म्हणजे काय हे मी आमच्या खात्यात चांगलं पाहिलंय, माणूस दुकानाच्या पायरीवरूनच शिक्का मारून पुढे जातो. मी ती खूण काढली. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं संगणकाने विचारलं. मी हो म्हटलं. सव्वा तास हिरवी पट्टी सरकत होती आणि मी समोर घड्याळ घेऊन बसलो होतो. इतकं मन लावून मी निवृत्तीनंतर काही केलं नव्हतं.

संध्याकाळी सून कचेरीतून आली. तिला पंचनामा वाचून दाखवला. तिने चप्पलही न काढता संगणकापाशी येऊन दोन्ही ड्राइव्ह पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की हे अक्षर त्या भोकाचं नसतं बाबा, आज जो आधी खोचला त्याला ई मिळालं. आदल्या दिवशी मी आधी निळा खोचला होता आणि दुसऱ्या दिवशी नवा. चौदा पूर्णांक नऊ हे तुझ्या सोळाच्या निळ्याचं माप होतं. बाईंच्या दोन मापांच्या हिशेबाने सोळाचे तेवढेच भरतात, हे मी नंतर गुणून पाहिलं.

ताई, आता माझ्या संशयांची यादी बघ. मी पाकिटावर संशय घेतला, बाईंवर घेतला, कारखान्यावर घेतला, संगणकाच्या खुणेवर घेतला, धूळ झटकताना काही हललं असेल म्हणून तुझ्या भावजयीवरही घेतला (तिने चार दिवस टेबलाला हात लावला नव्हता, तसं ती अजून सांगते आहे). सगळ्या घरात संशय घेतला नाही तो एका डिंक लावलेल्या चिठ्ठीवर, कारण तिच्यावर सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी निळा घेऊन मी मान खाली घालून दुकानात गेलो. बाईंनी तो तासभर कुठल्याशा यंत्राला लावून ठेवला. मग चष्मा डोळ्यांवरून खाली सोडून विचारलं की क्विक केलं होतं का. मी म्हटलं, मी सरकारी माणूस, झटपट काही करत नाही. त्या म्हणाल्या, झटपट केलं असतं तर नुसती अनुक्रमणिका पुसली गेली असती, बरंचसं परत आणता आलं असतं. तुम्ही पानन् पान पुसलंत. बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी निघालो तर त्यांनी निळ्याला ओवायला एक काळी दोरी काढून हातावर ठेवली. मी सवयीने विचारलं, पाकिटावर दोरीचा उल्लेख होता का? “नाही हो, ही अशीच. वर,” असं म्हणून त्या पुन्हा स्क्रूकडे वळल्या. मी ती पायरीवरच निळ्यात ओवली.

तर ताई, तुझ्या पुस्तकाची ती एक प्रत आता नाही. हे लिहायला मला चार पानं लागली. मला तुझी क्षमा मागायची आहे, आणि मला भीती वाटते आहे. भीती ही, की हे मी मुद्दाम केलं असं तुला वाटेल. ड्राइव्ह देताना तू म्हणाली होतीस, चौथं प्रकरण सावकाश वाच. त्यात काय असणार हे मला सांगायला नको होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बाबांच्या किराणा दुकानाची तपासणी केली, एक किलोचं वजन तळातलं शिसं गळून हलकं झालेलं निघालं, आणि मी ते सगळ्या गिऱ्हाइकांसमोर जप्त केलं. बाबांनी एक अक्षर काढलं नाही. माझ्याशी बोलणंही त्यांनी कधी सोडलं नाही, फक्त त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी कधी काही मोजलं नाही. घरी चहात साखर घालायची तरी मी उठून जाईपर्यंत थांबायचे. मला ते प्रकरण पुसायचं होतं असा संशय तू घेतलास तर मी तुझ्या जागी तोच घेतला असता. पण ते मी उघडूनही पाहिलेलं नाही, यावर विश्वास ठेव.

भाऊजींना नमस्कार. कोरा निळा ड्राइव्ह दोरीसह जपून ठेवला आहे.

तुझा धाकटा भाऊ,
(ज्याला घरात पाठीमागे संशयराव म्हणतात आणि ज्याला ते ऐकू येतं)

ता. क. : थेंबांचं नक्की लिहून घे.

ता. क. २ : वर लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे. चौथं प्रकरण मी वाचलं होतं. तू दिलंस त्याच आठवड्यात, सगळ्यांत आधी तेच, आणि बाकीच्या एकवीसांना हात लावला नाही. सुनेकरवी त्याची नऊ पानं छापून घेतली आणि लाल पेन्सिल घेऊन तपासली. ती कपाटात आहेत. म्हणजे बावीसांतलं एक वाचलं, आणि ते नेमकं मला नको होतं तेच. पृष्ठ सहा, ओळ अकरा : तूट तू पन्नास ग्रॅम लिहिली आहेस, ती चाळीस होती.

ता. क. ३ : खरी विनंती अशी. उरलेली एकवीस तू पुन्हा सांगावीस. तुझा डोळा बरा होईपर्यंत मी येऊन तुझ्याकडे राहतो, तू बोल, मी टाइप करतो. मधे दुरुस्त्या सुचवणार नाही. (सुचवल्या तर भाऊजींनी खोकावं.) प्रती तीन काढू आणि खोचायचं काम सून करील.

ता. क. ४ : चौथ्यात तू लिहिलं आहेस की शिसं गळल्याचं बाबांना ठाऊक होतं, म्हणून नवं वजन येईपर्यंत ते दर किलोमागे तागडी उतरवल्यावर वर एक मूठ घालत. वाचताना मला वाटलं, ताई बाबांची बाजू घेते आहे. समासात लाल पेन्सिलीने ‘पुरावा?’ असं लिहिलं. माझ्या तपासणीच्या कागदात वरच्या मुठीला रकाना नव्हता, आणि मी बाबांना काही विचारलंही नव्हतं. काल दुकानातून आल्यावर स्वयंपाकघरातला काटा घेतला आणि साखरेच्या डब्यात हात घालून पाच वेळा मूठ भरून मोजली. सरासरी त्रेचाळीस ग्रॅम. पंच म्हणून तुझ्या भावजयीची सही घेतली आहे, आणि हा कागद चौथ्या प्रकरणाच्या शेवटी माझ्या नावाने जोडावास. ती मूठ माझी आहे. बाबांचा हात माझ्याहून मोठा होता.