पातळ आहार

३ मार्च
पोहोचले एकदाची! दादाने सामान वर चढवून दिलं आणि जाताना म्हणाला, आता घरात मला सुखाने गोड खाता येईल. आहारतज्ज्ञ म्हणून माझी ही पहिलीच नोकरी. रुग्णालय छोटं, पण चकाचक. माझी खोली वॉर्डाच्याच मजल्यावर, खिडकीतून अख्खं आवार दिसतं. स्वयंपाकघर पाहून तर जीव सुखावला: कमी मिठाची पातेली वेगळी, मधुमेहींची वेगळी. प्रत्येक पलंगाला रंगीत पाटी. हिरवी म्हणजे नेहमीचं जेवण, पिवळी मऊ, निळी पातळ आणि लाल म्हणजे तोंडाने काहीच नाही, नळीतूनच. मेट्रन मात्र हसली नाही. तुमचं जेवण खोलीवर येईल, एवढंच म्हणाली.

५ मार्च
वॉर्डात हिरवी पाटी एकही नाही. बहुतेक निळ्याच. आणि सूप कसलं, गरम पाणीच ते! त्यात ना डाळ, ना दूध. अशाने माणूस उठून बसणार कसा? मेट्रनला विचारलं. ती म्हणाली, नव्या आहात, नव्यासारख्या राहा. आचाऱ्याने तर पाठच फिरवली.

८ मार्च
कोपऱ्यात एक म्हाताऱ्या शिक्षिकाबाई आहेत. हाडांचा सापळा. आधी चमचाभर पाणी देऊन पाहिलं, ठसका नाही. मग गुपचूप केळं कुस्करून भरवलं. मिटक्या मारत खाल्लं. पाटी निळी का, देव जाणे.

१० मार्च
आज बाईंनी अंडंही खाल्लं आणि त्यांना आवाज फुटला. “पाय मुरगळला म्हणून आले होते गं मी. पातळावर ठेवलं की कुणी उठत नाही. उठत नाही, तो घरी जात नाही.” मग माझं मनगट घट्ट धरून त्यांनी विचारलं, “तुझं जेवण कोण करतं?”

११ मार्च
बाईंच्या नाकात नळी. पाटी लाल. मी मेट्रनला सगळ्यांदेखत जाब विचारला, वरपर्यंत तक्रार करीन म्हणाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही फार थकलेल्या दिसता, म्हणाली. आचारी पहिल्यांदाच हसला.

१२ मार्च
जेवण परत पाठवलं. बाहेर जाऊन खाणार होते, पण जिन्यातच पाय लटपटले. दोघी आयांनी उचलून खोलीत आणलं. दाराला पिवळी पाटी. कुणी लावली, विचारलं. आयांनी दार ओढून घेतलं.

१४ मार्च
दादाला फोन केला. जीभ जड, शब्द चिकटत होते. तो म्हणाला, मेट्रनने सगळं कळवलंय, कामाचा ताण घेतलास तू, ऐक त्यांचं. नंतर फोन काढून घेतला.
पाटी निळी. आया नाक दाबून सूप पाजतात. मला चावता येतं हे सांगायला एकीच्या हाताला चावले. चुकलंच. आता हात बांधतात, रात्री तेवढे सोडतात.

१६ — की १७?
सूप. सूप. आरशात बघायचं नाही. पेन्सिल गादीखाली —

तारीख माहीत नाही
लाल.
नळी टोचते. घसा सुजलाय, आवाज निघत नाही. एक हात सुटलाय.

दुपार असावी. बाहेर दादा! त्याचाच आवाज. मेट्रन गोड बोलतेय — आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका — पायाने पलंगाचा गज वाजवतेय मी — ऐकू येत नाही त्याला — म्हणतोय, बरं, मग पुढल्या रविवारी — नाही दादा — दार उघ