पायावर अनवाणी उभा असलेला माणूस

महाड, ८ मार्च

प्रिय विपुल,

जय भीम. तू पाठवलेला फोटो मोबाईलवर येऊन नऊ दिवस झाले आणि मी अजून हो की नाही ते कळवलेलं नाही. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी पेपर तपासायचं निमित्त सांगितलं. थाप होती ती. डोक्यात नुसता गोंधळ चाललाय, फोनवर बोलले असते तर रडलेच असते, म्हणून कागद घेऊन बसले. ताईने निबंध लिहिला म्हणून हसू नकोस.

सुरबंदर शहर कसं वाढलं यावर तुमची नगरपालिका पुस्तक काढतेय, चांगलंच आहे. त्यात पहिल्या विश्रामगृहाचा पाया भरतानाचा हा फोटो. सात माणसं, खाली नुसतं 'अनोळखी कामगार'. डावीकडून तिसरे आपले बाबा वाटतात, पुस्तक पंधरा तारखेला छापायला जातंय, घरच्या कुणी खात्रीने सांगितलं तरच नाव घालतील, असं तू लिहिलंस. खात्रीने! अरे, करंगळीच्या नखावर मावेल एवढा चेहरा, त्यात कानांवरून टॉवेल गुंडाळलेला. काय डोंबल ओळखणार?

खरं तर सुरबंदर कसं वाढलं हे त्या पुस्तकवाल्यांना आपल्या घरी येऊन विचारायला हवं होतं. बाबा गवंडीकामाला वर्षभर तिकडे असायचे, पण काम कितीही निघो, एकोणीस मार्चला महाडला परत. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर आम्हाला घेऊन जायचे आणि वाटेत वर्षभराच्या बातम्या सांगायचे. आधी तिथे वाळत घातलेली मासळी आणि सुरूची झाडं, बाकी काही नाही. मग ते नऊ खोल्यांचं विश्रामगृह. मग डांबरी रस्ता, मुंबईच्या गाड्या, कोळ्यांच्या अंगणात घरगुती जेवणाच्या पाट्या. माझी एकेक इयत्ता वाढत होती तसे तिथले मजले वाढत होते. मी सातवीत गेले त्या वर्षी पहिलं लिफ्टवालं हॉटेल झालं. समुद्राची वाळू खारट, गिलावा धरत नाही, म्हणून आपल्या सावित्री नदीची वाळू ट्रक भरभरून तिकडे जायची. अर्धं महाड नेऊन तिकडे उभं केलंय मी, असं बाबा ऐटीत म्हणायचे. वाळू तिकडे गेली आणि गाळ आपल्या वाट्याला आला, असं मी एकवीस सालच्या पुरानंतर चिडून म्हटलं होतं, तुला आठवत असेल.

त्या पुरात घरातला एकूण एक फोटो गेला. विहाराच्या ओट्यावर लोकांनी चिखलातून निघालेले फोटो दोरीला लावून वाळत ठेवले होते आणि सगळी वस्ती त्यात आपापली माणसं शोधत होती. एकाचा चेहरा धुऊन गेलेला, पण टोपी तशीच, कॉलर तशीच. हे आमचे बाबा, असं मी ठासून सांगितलं. शाळेतल्या बाईंनीच सांगितल्यावर कोण वाद घालणार? आईने तो पदराने पुसून घेतला. फ्रेम केली, भिंतीवर लावली. तू पाण्याचे कॅन घेऊन आलास तेव्हा तूही हात जोडलेस.

तुझा फोटो आला म्हणून ताडून बघायला ती फ्रेम मी उतरवली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. विपुल, बाबांच्या एका कानाची पाळी फाटलेली होती ना रे? लहानपणी बाळी ओढली गेली होती. त्यांच्या खांद्यावर बसले की मी त्या फटीत बोट घालायचे. उजवा कान की डावा, हेसुद्धा आता मला आठवत नाही, लाज वाटते सांगायला. पण फ्रेममधल्या माणसाचे दोन्ही कान धडधाकट आहेत. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं आपण भलत्याच कुणाला तरी हार घालतोय! मग मी कुठल्या तोंडाने खात्री देऊ? एकदा वाटायचं, हो म्हणून टाकावं. लगेच वाटायचं, पुन्हा चुकले तर दुसऱ्याच्या बापाचं नाव पुसून आपल्या बापाचं लागेल. आईला विचारायची तर हिंमतच नव्हती.

काल शेवटी आईसमोर मोबाईल धरला. तिने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. थेट पायांकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "ह्योच. दुसरा कोन असा खुळा हाय?" तू नीट बघ, सहाजण चपला घालून उभे आहेत आणि तिसऱ्याने चपला काखेत मारल्यात. पाया जमलाय का हे तळव्याला कळतं, चपलेला कळत नाही, असं म्हणून बाबा नव्या पायावर अनवाणीच चढायचे. मग मी रडत रडत फ्रेमचं कबूल केलं. तर आई म्हणते, "मला तवाच कळलं व्हतं गो. पन तू येवढ्या आनंदानं आनलास. आनि त्यालाबी न्यायला कोन आला नाय. परत चिखलात टाकू काय त्याला?"

तेव्हा, हो. खात्रीने सांगते, ते बाबाच. महादू भिकाजी साळवी, गवंडी, महाड, असं पूर्ण नाव घालायला सांग. उरलेल्या सहाजणांची नावं कुणाला आठवतात का, तेही विचार, पुस्तक दोन दिवस थांबलं तर थांबू दे. फोटोची मोठी प्रत काढून पाठव, जुन्या फ्रेमशेजारी मी खिळा ठोकून ठेवलाय. आई म्हणते तो पाहुणाही राहू दे. आणि हे पत्र लिहायचं खरं कारण, जे आईला स्वतः तुला सांगायचा संकोच वाटतोय. बाबांनी जन्मभर बांधलेलं ते शहर तिने एकदाही पाहिलेलं नाही. ते विश्रामगृह पाडून त्याच पायावर तुमच्या हॉटेलचा हॉल उभा आहे ना, जिथे तू बूट पॉलिश करून काउंटरवर उभा राहतोस? तिला तिथे यायचंय, घटकाभर चपला काढून उभं राहायचंय. तुमचे साहेब काही म्हणणार नाहीत ना, तेवढं विचारून कळव.

तुझीच, अजूनही थोडी गोंधळलेली,
उज्वलाताई