सदर पत्त्यावर परदेशी महिला नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

उपनिषदांनी आत्म्याची ओळख सांगताना कानांची अट घातलेली नाही. परदेशी नागरिकांच्या नोंदणीखिडकीने घातली आहे. वैजयंतीच्या फोटोत डावा कान केसांआड गेला — अर्ज परत. दोन वर्षं या बाईशी संसार करतोय, तिला कानांवरून ओळखावं हे मला सुचलंच नाही.

दुसरा फोटो काढला. त्यात फक्त कानच दिसतात.

लग्न करून ती मॉरिशसहून सोलापुरात आली. राहण्याची परवानगी अठ्ठावीस तारखेला संपते. मुदत वाढली नाही तर तिला परत जावं लागेल. जावं लागेल म्हणे! अर्ज तिनेच भरला, रेखीव अक्षरात. ‘किती काळ राहण्याचा विचार आहे?’ एवढाच रकाना कोरा. विसरली असेल. मी ठळक लिहिलं — कायम.

६ फेब्रुवारी

पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेलं वीजबिल आमच्या वडिलांच्या नावावर. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. कारकून विचारतो, “हे कुंडलिकराव कुठायत?” म्हटलं, “त्यांचा नवा पत्ता कळला की आधी तुम्हाला कळवतो.”

आता पोलीस घरी येऊन खात्री करणार.

१२ फेब्रुवारी

पोलीस आले. मी शाळेत आठवीला संस्कृत शिकवत होतो, वैजयंती भाजीला गेलेली. जालिंदर हवालदारांनी शेजारच्या नागव्वांना विचारलं, इथे कुणी परदेशी बाई राहते का? म्हातारीने ठणकावून सांगितलं — “परदेशी-बिरदेशी कोण न्हाय हितं. मास्तर आन् त्येची बायकू, दोगंच.”

अहवाल : सदर पत्त्यावर परदेशी महिला आढळली नाही.

वैजयंती खूप हसली. मग बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत बसली.

१४ फेब्रुवारी

नागव्वांना रिक्षात घालून भवानी पेठेतून थेट कार्यालयात नेलं. साहेबांनी पासपोर्ट पुढे केला. “आजी, बाई परदेशी आहेत.”

“पुस्तक आसंल परदेशी. ती माज्यासंगं बसून भाकरी थापती की. लबाड कशाला बोलू?”

साहेब म्हणाले, दुसरा साक्षीदार आणा. मी सांगितलं, साक्षीदार बदलणार नाही आणि साक्षही बदलणार नाही. साहेबांनी कपाळ चोळलं. “बरं, राहतात ना तिथं?”

“राहती म्हंजे? उद्या दिसली न्हाय तर तुमच्याच दारात येऊन बसंन मी.”

जालिंदर हवालदारांनी हसू दाबत लिहिलं — राहते.

२४ फेब्रुवारी

शिक्का बसला. एक वर्ष.

अर्जाची प्रत पुन्हा वाचली. तिने डोळ्यांचा रंगसुद्धा लिहिलाय. ती काही विसरत नाही; तो रकानाही विसरली नसणार. सगळी गल्ली साक्षीला उभी करायला निघालो होतो. तिला इथे राहायचंय का, हे तिला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.